हप्ता चातुर्मास पाळत नाही

मे महिना आला की माझा फोन जास्त वाजतो. निकाल लागलेले असतात, घराघरांत 'पुढे काय'ची चर्चा चालू असते आणि कुठल्यातरी घरात कुणीतरी म्हणतं, "अगं, ती दांडियाबाजारातली फोटोवाली ताई आहे ना, तिला विचार." मग फोन येतो. प्रश्न दरवर्षी तोच असतो: ताई, कॅमेरा कोणता घेऊ?

मी उलट विचारते, फोटो कुणाचे काढणार आहेस आणि त्याचे पैसे कोण देणार आहे? पलीकडे जरा शांतता. मग "तसं अजून ठरवलं नाही" असं उत्तर येतं आणि त्याच दमात दोन मॉडेलांची तुलना सुरू होते. त्या मॉडेलांबद्दल या मुलांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असते.

मी अकरा वर्षं बडोद्यात स्वतंत्रपणे फोटोचं काम करते आहे. बारशी, मुंजी, डोहाळजेवणं, नवरात्रातला गरबा, घरगुती उद्योगांच्या मालाचे फोटो, मिळालं तर एखाद्या आर्किटेक्टचं काम. त्याआधी अलकापुरीत एका ऑफिसात हिशेब लिहीत होते. ती सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे या लेखात फोटोंपेक्षा हिशेब जास्त दिसला तर चालवून घ्या.

या वर्षीचा फोन घरातूनच आला. माझ्या ताईचा मुलगा नुकताच बी.कॉम. झाला. हात चांगला आहे, नजरही आहे. त्याने दुकानातून कोटेशन आणलं होतं. मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश आणि बॅग मिळून २,४०,००० रुपये. चोवीस महिन्यांचा हप्ता सुमारे साडेअकरा हजार. तारण म्हणून भावोजींच्या निवृत्तीच्या पैशांची एफडी. भावोजी काहीच बोलत नव्हते, आणि ते काहीच बोलत नाहीत याचंच ताईला जास्त टेन्शन आलं होतं. मला निरोप आला, "तू ये आणि समजाव."

मी वही काढली. बडोद्यात नवख्या मुलाला एका बारशाचे चार हजार मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे महिन्याला तीन बारशी निव्वळ हप्त्यासाठी. पेट्रोल, अल्बम, मदतीला घेतलेला मित्र हे सगळं वेगळं. बरं, काम बारा महिने सारखं येत नाही. आषाढी एकादशीला देव झोपले की आपल्याकडची लग्नकार्यं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत गुजराती घरांत कमुरतां, तेव्हाही शुभकार्य नाही. गणपती, नवरात्र आणि दिवाळी थोडा हात देतात, पण वर्षातले जवळजवळ पाच महिने लग्नाचं काम नसतं. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. तो पाच तारखेला येतोच.

व्याज किती जातं, हा मुद्दा मी बाजूला ठेवते. हप्ता डोक्यावर असला की मिळेल ते काम मिळेल त्या भावात घ्यावं लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, अमका तर दोन हजारांत करतो, आणि आपण अडीचवर येतो. रविवारी सकाळी स्वतःसाठी कॅमेरा घेऊन बाहेर पडणं सगळ्यात आधी बंद होतं. माझ्या पाहण्यातल्या तीन मुलांनी दीड-दोन वर्षांत सामान विकलं आणि नोकरी धरली. तिघंही माझ्यापेक्षा चांगले फोटो काढायची.

भाचा हुशार आहे. म्हणाला, "मावशी, दादासाहेब फाळक्यांनी नव्हतं का कर्ज काढलं?"

काढलं होतं. आणि फाळके थोडे आपल्या बडोद्याचेही आहेत, हे आपण विसरतो. मुंबईच्या जे. जे. नंतर ते इथल्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेली ती संस्था. आज तिथे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे आणि आपल्यापैकी कित्येकांचे बाबा-काका तिथूनच इंजिनिअर होऊन बाहेर पडले. फाळक्यांनी प्रा. गज्जरांच्या कलाभवनात फोटोग्राफीचे धडे घेतले आणि पुढे गोध्र्याला फोटोचा व्यवसाय थाटला. प्लेगात त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं, गोध्रा सुटलं. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, अशी समजूत असलेला तो काळ. तेव्हा गिऱ्हाईक मिळवणं किती कठीण असेल, याचा विचार करा. आम्हाला लोक फक्त भाव कमी करायला सांगतात.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके लंडनला गेले ते १९१२ मध्ये. फोटो, ब्लॉक आणि छपाई यांत वीसेक वर्षं घालवल्यानंतर. आणि सिनेमाचा कॅमेरा हातात आल्यावर, पैसे लावणाऱ्यांना पटावं म्हणून त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक फ्रेम चित्रित केली. पडद्यावर कोंब सरसर वर येताना दिसला. ती 'अंकुराची वाढ'. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर, १९१३ मध्ये आला. मी भाच्याला म्हटलं, "कर्ज जरूर काढ, पण आधी वाटाणा पेर."

आता वाटाण्याचा खर्च सांगते.

माझं पहिलं सामान म्हणजे १८ हजारांना घेतलेला जुना डीएसएलआर आणि साडेसात हजारांची ५० मि.मी. एफ १.८ ची साधी लेन्स. अशी लेन्स बहुतेक मोठ्या कंपन्या काढतात आणि त्यांच्या यादीत ती सगळ्यात स्वस्तांपैकी एक असते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती साधारण ७५-८० मि.मी.सारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांसाठी छान. खोली लहान असली तर आपल्याला भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागतं, पण त्याचीही सवय होते. आता सगळे मिररलेसकडे वळल्यामुळे जुने डीएसएलआर बरेच स्वस्त मिळतात. बारशाला आलेल्या मंडळींना त्यातला फरक दिसत नाही. मला स्वतःलाही ए-फोर आकाराच्या प्रिंटमध्ये क्वचितच दिसतो.

जुना कॅमेरा घेताना बिल मागा, आणि शटर किती वेळा चाललंय तो आकडा पाहा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांचं शटर लाखभर क्लिकचं धरतात. चाळीस हजारांच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. एफ १६ वर आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि मग लेन्स कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून परत या. आपल्या पावसाळ्यात ही बुरशी हमखास लागते. त्यासाठी महागडं कपाट नको. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि काहीशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. जेलने ओल शोषली की गरम करून पुन्हा वापरता येतं. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला सगळीकडे फिरतो. तो ऐकू नका, तांदळाची भुकटी लेन्सवर बसते.

पण खरी गंमत उजेडात आहे, आणि उजेड फुकट असतो.

आमच्या शेजारच्या काकू दिवाळीचा फराळ विकतात. त्यांना चकलीचा फोटो हवा होता. त्यांच्या मुलाने मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत चकली एखाद्या तपकिरी वॉशरसारखी दिसत होती. समोरून आलेल्या उजेडाने काटे सपाट होतात. आम्ही ताट खिडकीशी नेलं, उजेड चकलीच्या मागून आणि जरासा बाजूने येईल असं ठेवलं. खिडकीवर आजोबांचं जुनं धोतर ताणून लावलं, त्यामुळे ऊन मऊ झालं. पुढच्या बाजूला तीस रुपयांचा थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला, त्यावर आपटलेल्या उजेडाने चकलीची अंधारी बाजू उघडली. काटा न् काटा दिसायला लागला. काकू म्हणाल्या, "ही खुसखुशीत आहे हे फोटोतच कळतंय गं." पंधरा पदार्थांचे त्यांनी तीन हजार दिले, आणि त्या फोटोंवरून मला आणखी चार घरांची कामं आली. ते धोतर आता पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर कायमचं बसवलंय. आजोबांना ते आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

माणसांचे फोटोही असेच. घरातल्या घरात फोटो काढायचा असेल तर माणसाला खिडकीच्या अगदी जवळ बसवा. खिडकीपासून दूर गेलं की उजेड झपाट्याने कमी होतो. त्यामुळे खिडकीजवळचा चेहरा उजळ येतो आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, फ्रिज आणि दोरीवरचे कपडे आपोआप अंधारात जातात. आणि घरातला पिवळा दिवा त्या वेळी बंद करा. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा असे दोन उजेड चेहऱ्यावर एकत्र आले की ते कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही. एवढं जमलं की मग एक हाताने सेट करायचा साधा फ्लॅश, एक स्टँड आणि पांढरी छत्री घ्या. मुंजीच्या अंधाऱ्या हॉलमध्ये तेवढं पुरतं.

लांबची, जड, लाखाची लेन्स वर्षातून आठ-दहा दिवस लागते. तेवढे दिवस भाड्याने आणायची आणि तिचं भाडं गिऱ्हाइकाच्या बिलात आधीच धरायचं. सॉफ्टवेअरवर मी एक रुपयाही खर्च करत नाही. डार्कटेबल आणि गिम्प ही दोन्ही फुकट आहेत आणि चोरीची नाहीत. शिकायला महिनाभर डोकं दुखतं, मग हात बसतो. व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरून उरते. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पैसे घालायचे तर फोटो सांभाळण्यावर घाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते आपण सगळ्यांनीच पाहिलं. माझ्या एका मैत्रिणीची खोली तळमजल्यावर होती. कॅमेरा तिने उचलला, पण टेबलाखालची हार्ड डिस्क पाण्यात गेली. त्यात दोन लग्नं होती, अजून न दिलेली. ती वाचली, कारण तिची दुसरी डिस्क मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर मावशीच्या कपाटात होती, साड्यांच्या घडीत. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या घरात. इतका साधा नियम आहे. कॅमेरा बुडाला तर दुसरा आणता येतो, मुलीच्या पाठवणीचा फोटो पुन्हा काढता येत नाही.

आणि एक साधन पूर्ण फुकट आहे, तरी फार थोडे लोक वापरतात. एक पानाचा करार. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की कुणी पैसे देऊन सांगितलेला फोटो असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्याचा पहिला मालक काम सांगणारा असतो, काढणारा नव्हे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने एका व्यावसायिकासाठी पत्रकाचे म्हणून फोटो काढले. सहा महिन्यांनी तेच फोटो शहरभर होर्डिंगवर झळकले आणि त्याला वर एक पैसा मिळाला नाही. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे भांडायला जागाही नव्हती. फोटो कशासाठी वापरणार, किती काळ, आगाऊ रक्कम किती, रद्द झालं तर काय, एवढं मराठीत, गुजरातीत, जमेल त्या भाषेत लिहा आणि सही घ्या. आपल्या ओळखीच्या घरांत सही मागायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. मी आधी चहा घेते, मग कागद काढते.

आता राहिली प्रेरणा. त्यासाठी मुलं रात्र रात्र इन्स्टाग्राम बघतात. बघा, पण आपण कुठल्या गावात राहतो तेही पाहा. होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, आयुष्याची शेवटची अनेक वर्षं याच शहरात राहिल्या आणि २०१२ मध्ये इथेच गेल्या. आदल्या वर्षीच त्यांना पद्मविभूषण मिळालं होतं. सुरुवातीला त्यांना एका फोटोचा एक रुपया मिळायचा आणि फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. कधी भाव पाडून मागितला गेला की मी तो एक रुपया आठवते.

आणि ज्योती भट्ट. मूळचे चित्रकार. इंदूरहून आलेल्या आपल्या ना. श्री. बेंद्र्यांचे इथल्या फाइन आर्ट्समधले विद्यार्थी. साठच्या दशकाच्या शेवटी लोककलेचे फोटो काढण्याचं एक काम त्यांच्याकडे आलं आणि मग तो ध्यासच लागला. खेड्यापाड्यांतल्या सारवलेल्या भिंती, त्यांवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, बायकांच्या हातांवरचं गोंदण हे ते वर्षानुवर्षं टिपत राहिले. त्यातल्या कित्येक भिंती आज नाहीत. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एशिया आर्ट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर त्यांचा मोठा संग्रह घरबसल्या बघता येतो. मी भाच्याला पन्नास फोटो निवडून प्रत्येकात उजेड कुठून आलाय ते वहीत लिहायला लावलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, यांनी तर नुसती दारं आणि भिंती काढल्यात." मग स्वतःच गप्प झाला.

दारं आणि भिंती आपल्याकडेही होत्या. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा त्याच्या भित्तिचित्रांसकट सरकारने राखलाय, म्हणून तो उभा आहे. आमचा वाडा काही इतिहासाचा नव्हता, त्यामुळे त्याला कुणी राखणार नव्हतं. चार भावांत वाटण्या झाल्या, बिल्डर आला, आणि २०२१ मध्ये तीन आठवड्यांत तो जमीनदोस्त झाला. त्याआधीचं वर्षभर मी दर रविवारी तिथे फोटो काढत होते. माजघरातला झोपाळा, त्याच्या कड्या, देवघराच्या कोनाड्यातलं काजळ, जिन्याच्या कठड्याचा हाताने गुळगुळीत झालेला भाग, आणि खिडकीत बसून तांदूळ निवडणारी आजी. सगळे त्या १८ हजारांच्या कॅमेऱ्याने आणि त्या साध्या लेन्सने. हप्ता असता तर त्या रविवारी मी कुणाच्यातरी बारशाला असते. आजी पुढच्याच वर्षी गेली. आज काकांच्या पुण्याच्या, आत्याच्या हैदराबादच्या आणि चुलतभावाच्या टोरंटोच्या घरात त्यातला तोच एक फोटो लागलाय, तांदूळ निवडतानाचा. तो कुठल्या कॅमेऱ्याचा, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

भाच्याने शेवटी एका निवृत्त हौशी काकांकडून २२ हजारांना कॅमेरा घेतला. माझी ५०ची लेन्स सध्या त्याच्याकडे आहे आणि ती परत मिळेल अशी आशा मी सोडली आहे. एफडी जागेवर आहे. चातुर्मासात काम नाही म्हणून आम्ही दोघांनी एक उद्योग काढलाय. ओळखीच्या मराठी घरांत जाऊन ट्रंकेतले जुने स्टुडिओ फोटो उतरवून घ्यायचे. पगड्या घातलेले पणजोबा, नऊवारीतल्या खुर्चीवर बसलेल्या पणज्या, मागे रंगवलेला पडदा. स्कॅनर लागत नाही. फोटो सपाट ठेवायचा, कॅमेरा तिपाईवर बरोबर त्याच्या डोक्यावर, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका आणि सारखा. फ्लॅश नाही, नाहीतर जुना कागद चमकतो. काच काढता येत नसेल तर आपल्या मागे काळी चादर धरायची, म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब येत नाही. आणि फोटो उतरवताना मोबाइलवर घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, कारण कोण कुणाच्या शेजारी उभं आहे हे सांगणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत. जुनी प्रत स्वच्छ करून देण्याचे आणि नवीन प्रिंटचे आम्ही पैसे घेतो, उतरवण्याचे नाही. दीड महिन्यात अकरा हजार जमले. भाच्याने त्यातून स्वतःचा पहिला स्टँड आणि छत्री आणली.

तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर मंडळाच्या कार्यालयात निरोप ठेवा. येत्या रविवारी आम्ही पाणीगेटजवळच्या एका घरी जातोय. तिथल्या आजींनी ट्रंक माळ्यावरून काढून ठेवली आहे. फक्त दहाच्या आत या म्हणाल्या, त्यांच्या ओसरीवर उजेड तेवढाच वेळ असतो.